मेंढरांच्या वाड्यावरचा ताप

आमच्या औषधाच्या दुकानात भिंतीवर लावलेलं प्रमाणपत्र माझ्या नावाचं होतं, पण आष्ट्यात 'डॉक्टर' म्हणायचे ते माझ्या सासऱ्यांना. आम्ही घरचे त्यांना आबा म्हणायचो. आबांनी सगळी नोकरी लष्कराच्या दवाखान्यात काढली होती आणि सुभेदार होऊन ते घरी आले होते. जखमा बांधणं, सुया टोचणं, तापलेल्या जवानाला गोळी देऊन पुन्हा उभं करणं, यात त्यांचा हात बसलेला होता. मी साताऱ्याची. कऱ्हाडला औषधशास्त्राचा डिप्लोमा केला आणि लगेच लग्न होऊन आष्ट्याला आले. सत्तरच्या दशकाची ती सुरुवात. दुकान काढायचं आबांच्या मनात आधीपासून होतं. परवान्यासाठी शिकलेलं माणूस हवं होतं, ते माझ्या रूपाने घरात आलं. नवरा साखर कारखान्यात पाळीवर जायचा. दुकानात आम्ही दोघंच, आबा आणि मी.

डॉक्टरची चिठ्ठी घेऊन येणारी गिऱ्हाइकं थोडी. बाकीची माणसं आपलं दुखणं घेऊनच यायची. दुकानाच्या पुढच्या फळीवर हात टेकून सांगायची, "डॉक्टर, डोस्कं लय दुखतंय," की आबा मागे न बघता हात वर करून गोळ्यांची बरणी काढायचे. पोट दुखत असेल तर बाटलीतलं तपकिरी औषध. खरूज असेल तर गंधकाचं मलम. त्यांचा हात क्वचितच चुकायचा, हे मला मान्य करावं लागेल. मला मात्र तसं जमत नसे. डोकं दुखतं म्हटल्यावर मी विचारायची, कधीपासून, कुठल्या बाजूला, उलटी होते का, डोळ्यांपुढे अंधारी येते का. गिऱ्हाईक वैतागायचं.

"सूनबाई," आबा म्हणायचे, "तू माणसाला औषध देतीस का परीक्षेला बसवतीस?"

पण बायकांना माझं विचारणं आवडायला लागलं. त्या दुकानात आल्या की आधी पुरुष गिऱ्हाईक जाईपर्यंत काचेच्या कपाटाकडे बघत उभ्या राहायच्या. मग आबांकडे पाठ करून हळू आवाजात माझ्याशी बोलायच्या. अंगावरून जाणं, छातीतली गाठ, मूल न राहणं. यातल्या बहुतेक गोष्टींना माझ्याकडे औषध नव्हतं. मी ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "हे दुकानातल्या औषधाचं काम नाही, मिरजेला जाऊन दाखवा." मिरज म्हणजे मोठे दवाखाने, आमच्या जिल्ह्याचा शेवटचा आधार. त्या मान डोलवायच्या आणि अंगदुखीची गोळी मागून घेऊन जायच्या. मिरजेला फारच थोड्या गेल्या.

दिवाळी झाली की माण तालुक्याकडून मेंढरं घेऊन माणसं आमच्या भागात उतरायची. तिकडे उन्हं वाढायच्या आधीच चारा संपायचा. आमच्याकडे नदीकाठी हिरवं असायचं. शेतकरी आपल्या मोकळ्या रानात मेंढरं बसवून घ्यायचे, लेंड्यामुताचं खत व्हायचं, त्याच्या बदल्यात धान्य द्यायचे. चार-पाच घरांची माणसं, त्यांची मेंढरं, घोडी, कुत्री, कोंबड्या असं सगळं मिळून त्यांचा वाडा व्हायचा. एका रानात काही दिवस मुक्काम, मग शेजारचं रान, आणि गावची रानं संपली की वाडा पुढं.

ती अशाच एका वाड्यातली. वय माझ्याएवढंच, विशीतलं. हिरवं लुगडं, कपाळावर ठसठशीत कुंकू, गोंदलेली हनुवटी, कडेवर तीनेक वर्षांची मुलगी. इतर बायकांसारखी तीही बाजूला उभी राहिली. माझ्या लक्षात आलं की ती कपाटाला टेकून उभी आहे, नुसती उभी राहू शकत नाहीये.

"ताई, आंग मोडून येतंय. गोळी द्या."

मी विचारायला लागले आणि ती सांगायला लागली. ताप दिवस कलला की चढतो. पहाटे घाम येतो, इतका की वाकळ भिजते. कंबर धरून येते. असं पंधरा-वीस दिवस चालतं, मग आपोआप थांबतं. वाटतं बरं झालं. मग पुन्हा सुरू.

"असं कधीपासून?"

"ही पोरगी चालाय लागली तवापास्नं. मदी दोन लेकरं पडली, ताई. येक पाचव्यात, येक सव्यात."

तिने ते अगदी सरळ सांगितलं. आबा आमचं बोलणं ऐकत होते. त्यांनी माझ्या खांद्यावरून हात पुढे करून हिवतापाच्या गोळ्या ठेवल्या. "हिवताप हाय. ह्या घे, जेवून घ्यायच्या."

आठवड्याने ती परत आली ती हसतच. ताप उतरला होता. तिने आबांना वाकून नमस्कार केला आणि पदराआडून ताज्या दुधाचा तांब्या काढून फळीवर ठेवला. आबा खूश झाले. पण पंधरवडा गेला आणि ती पुन्हा कपाटाला टेकून उभी होती. गोळ्यांनी ताप गेला नव्हता. त्याची जायची वेळ झाली होती म्हणून तो गेला होता.

त्या दिवशी मी तिला विचारलं, मेंढरं विताना कोण असतं जवळ? ती म्हणाली, "मीच की. माजा हात बारीक हाय. अडलेलं कोकरू मीच वडून काडती." आणि दूध? दूध धारोष्ण प्यायचं, तापवत बसायला वेळ कुणाला.

मला कॉलेजातला एक धडा आठवला. शेळ्यामेंढ्यांकडून माणसाला लागणारा एक ताप असतो, ब्रुसेलोसिस म्हणतात. कच्च्या दुधातून लागतो, विणाऱ्या जनावराच्या रक्तापाण्यातून लागतो. लाटेसारखा येतो आणि जातो, महिनोन् महिने, वर्षानुवर्षं. कंबर धरते, आणि बाईचं पोट पडू शकतं. संध्याकाळी घरी पुस्तक काढून पुन्हा वाचलं. त्यावरचं औषध होतं टेट्रासायक्लिनच्या कॅप्सूल, सलग सहा आठवडे, आणि सोबत इंजेक्शनं. त्या लाल-पिवळ्या कॅप्सूलची बरणी आमच्या दुकानात माझ्या डोक्याच्या वरच्या फळीवर होती.

दुसऱ्या दिवशी ती आली तेव्हा मी जरा उत्साहातच होते. म्हटलं, तुझं दुखणं मला कळलंय असं वाटतंय. तिने मुलीला खाली उतरवलं, इकडेतिकडे बघितलं आणि म्हणाली, "ताई, येक सांगू? मला परत दिस गेल्यात. तिसरा म्हैना हाय. ह्ये लेकरू ऱ्हायला पायजे बगा."

गरोदर बाईला ते औषध चालत नाही. मुलावर परिणाम होतो, आईच्या यकृतावरही होऊ शकतो. मी हातातली फडकी घडी करत राहिले. औषध न द्यावं तर तापाने मूल जाणार, द्यावं तर औषधाने बिघडणार. आणि मुळात हा तोच ताप आहे हे तरी कुणी ठरवायचं? रक्त तपासल्याशिवाय मी नुसती अंदाज करणारी.

मी तिला घेऊन गावातल्या डॉक्टरांकडे गेले. भला माणूस. त्यांनी तिला तपासलं, माझं म्हणणं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मला वाटलं होतं रागावतील, दुकानदाराने दुकान सांभाळावं म्हणतील. ते तसं काही बोलले नाहीत. चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"तुमचा अंदाज बरोबर असेल. पण या अवस्थेत मी तरी काय देऊ? मिरजेला रक्त तपासा. तिथे ठेवून घेतलं तर काहीतरी मार्ग काढतील. माझ्या हातात नाही हे."

म्हणजे आता आम्ही दोघं झालो, काही करता न येणारे.

तिच्या नवऱ्याला दुकानात बोलावून घेतलं. उंच, काटक, लाल मुंडासं, खांद्यावर घोंगडं. तो पायरी चढून आत यायलाच तयार नव्हता.

"आवं बाई, वाडा माज्या येकट्याचा हाय व्हय? बा हाय, भावकी हाय. रान झालं की फुडं सरकावं लागतंय."

"एक दिवस द्या मला. मी स्वतः घेऊन जाते, स्वतः परत आणून सोडते."

त्याने बायकोकडे बघितलं. मग म्हणाला, "न्या."

आम्ही एसटीने निघालो. ती खिडकीशी बसली. मुलगी वाड्यावर सासूपाशी ठेवली होती. बस सुटल्यावर तिने दांडा घट्ट धरला, आणि मग हळूहळू तिला बाहेरची रानं दिसायला लागली. "ह्या रस्त्यानं लय चाललोय, ताई, पर बसून पयल्यांदाच चाललीया." रान ओळखून ती सांगायची, इथे आमची मेंढरं बसली होती, इथे कुत्रं मोटारीखाली गेलं, त्या बांधावर माझी पोरगी झाली. मला त्या रस्त्यावरचे फक्त थांबे माहीत होते.

मिरजेच्या दवाखान्यात दुपारपर्यंत रांगेत बसलो. खिडकीवरच्या माणसाने नाव विचारलं, गाव विचारलं. मुक्काम? ती हसली. "आज हितं, उद्या तितं." त्याने माझ्याकडे बघितलं, मी आमच्या दुकानाचा पत्ता सांगितला. रक्त काढताना ती सुईकडे टक लावून बघत होती. "येवडं रगात! परत देत्यात का?" काढणारी मुलगी हसायला लागली, मीही हसले. त्या दिवसात तेवढंच हसणं झालं.

मग एका डॉक्टरीणबाईंनी तिला तपासलं. त्या मला म्हणाल्या, हिला इथे राहू दे, रक्ताचा निकाल येईपर्यंत नजरेखाली ठेवू. मी तिला समजावलं. ती ऐकत होती, आणि ऐकता ऐकता तिचे डोळे भरून आले.

"पोटातल्यासाठी हितं ऱ्हायाचं, आन् वाड्यावर हाय तिचं काय? माज्याबिगार झोपत न्हाई ती. आन् मेंढरं व्याय लागल्यात, ताई. कोण बगंल?"

मला तेव्हा मूल नव्हतं. आम्ही संध्याकाळच्या बसने परत आलो. निकाल पुढच्या आठवड्यात मिळणार होता. तोवर निदान दूध उकळून पी, कोकरू काढताना हाताला काहीतरी बांध, असं मी तिला बसमध्ये सांगत होते. ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली होती. अंग चांगलंच तापलं होतं.

पुढच्या आठवड्यात मी एकटीच मिरजेला गेले. त्या डॉक्टरीणबाई व्हरांड्यातच भेटल्या. "तुमचं बरोबर निघालं," त्या म्हणाल्या. "पेशंटला आणलंय ना?"

मी नाही म्हटलं. आदल्याच दिवशी वाडा हलला होता.

परतताना बसमध्ये मला स्वतःचाच राग येत होता, आणि तो कशाचा ते सांगता येत नव्हतं. शिकलेलं बरोबर आलं होतं. ते घेऊन मी सांगलीच्या स्टँडवर बस बदलत होते, आणि जिच्यासाठी ते, ती कुठल्या बांधावर आहे हे मला माहीत नव्हतं.

घरी आल्यावर आबांना सांगितलं. हिवताप म्हणून छातीठोक गोळ्या दिल्याचं त्यांच्या मनाला लागलं असावं. सकाळी बघते तर ते लष्करातले बूट घालून, खांद्याला जुनी पिशवी अडकवून तयार. "मेंढरं उडून जात न्हाईत," म्हणाले आणि निघाले. ज्या रानात वाडा होता तिथला शेतकरी म्हणाला, वरच्या अंगाला गेले, शिराळ्याकडं. आबा शिराळ्याची बस पकडून गेले, तिथून पायी. दिवस मावळताना परत आले ते धुळीने माखलेले. तिचा वाडा सापडला नव्हता. दुसरा एक सापडला होता. त्यातला एक जण तिच्या सासरच्या नात्यातला होता, दोन-चार दिवसांत गाठ पडेल म्हणाला. आबांनी त्याला निरोप दिला: दूध उकळून प्या, विणाऱ्या मेंढीला उघडा हात लावू नका, आणि बाईला मिरजेला आणा.

"त्याच्याकडनं तीनदा म्हणवून घेतलं," आबा म्हणाले. "जवानाकडनं घेतो तसं. पाठ झालंय त्याला."

आम्ही वाट बघत राहिलो. मी फळीमागे उभी असले की रस्त्याने कुणी लाल मुंडासं जाताना दिसलं तर बाहेर यायची. उन्हाळा लागला. एक दिवस एक म्हातारा मेंढपाळ पायातल्या काट्याच्या जखमेसाठी मलम घ्यायला आला आणि माझ्याकडे निरखून बघायला लागला.

"तुमीच का त्या, मेंढरं इका म्हणणाऱ्या?"

मला कळेना. मग त्याच्याकडून कळलं. निरोप पोचला होता, पण एका तोंडातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या. पोचला तो असा: आष्ट्याच्या दुकानातली बाई म्हणती, तुमच्या मेंढरांत रोग हाय, बाईला जगवायची तर मेंढरं इका. तिचा सासरा भडकला. मेंढरांवर असं नाव आलं तर कोण आपल्या रानात बसवून घेईल? तेव्हापासून त्यांनी आष्ट्याची वाट सोडली होती.

"आरं, असं न्हाई म्हणलो आमी!" आबा ओरडलेच.

"मला काय सांगताय, आबा," म्हातारा म्हणाला. "म्या तर आयकल्यालं सांगितलं."

त्याच्या जखमेवर मी मलम लावून पट्टी बांधली. तो गेल्यावर आबा दुकानातल्या स्टुलावर बसले. गिऱ्हाईक आलं तरी उठले नाहीत.

पावसाळ्यात वाडे माणला परत गेले. ती बाळंतपणाला आली असेल असं मी मनात महिने मोजून म्हणायची, आणि मग तो विचार झटकायची. दिवाळीनंतर पुन्हा मेंढरं उतरली. एका दुपारी तिचा नवरा पायरीखाली येऊन उभा राहिला. त्याला बघून मला इतकं बरं वाटलं की मी आधी काही विचारलंच नाही, आत या, पाणी घ्या, असंच म्हणत राहिले.

"सातव्यात पडलं," तो म्हणाला. "प्वार हुतं."

"आणि ती?"

"हाय. गावाकडं ठिवलीया, माणात, दहिवडीच्या अंगाला. कंबर लय धरती. ताप येतोय, जातोय." मग खाली बघत म्हणाला, "बा म्हणाला, जाऊ नगं त्या बाईकडं. पर म्या आलो."

आता तिला औषध चालणार होतं. आमच्या डॉक्टरांनी मिरजेच्या निकालावरून चिठ्ठी लिहून दिली. कॅप्सूल मी डब्यात भरून दिल्या. पण इंजेक्शनं? रोज टोचायला हवीत. तिच्या वस्तीवर ते कोण करणार?

"हितं आण तिला," आबा म्हणाले. "आमच्याकडं ऱ्हाऊ दे. मी टोचतो रोज."

त्याने हो म्हटलं, पण ते हो कसलं होतं हे आम्हा दोघांनाही कळलं. मी त्याला पुन्हा पुन्हा सांगितलं, ताप उतरला तरी गोळ्या थांबवायच्या नाहीत, डबा पूर्ण संपवायचा. त्याने डबा घोंगड्यात बांधला.

महिन्याभराने त्यांच्या वस्तीवरचा एक पोरगेला माणूस दुकानात आला. "तसल्या लाल-पिवळ्या गोळ्या द्या, बाई. लय भारी गोळ्या."

कुठे मिळाल्या त्या, मी विचारलं. तो मोकळेपणाने सांगत होता. तिने आठ-दहा दिवस घेतल्या, ताप गेला, ती उठून कामाला लागली. मग वस्तीवरच्या एका म्हाताऱ्याला खोकला झाला, त्याने घेतल्या. एका पोराचं पोट बिघडलं, त्याला दिल्या. दोन मेंढरं लंगडत होती, त्यांना फोडून पाजल्या. "समद्यांनला गुण आला," तो म्हणाला.

मी आबांकडे बघितलं. ते हसत होते, पण ते हसू बघवत नव्हतं. "लष्करात बरं हुतं," ते म्हणाले. "गोळी तोंडात टाकून, पाणी पाजून, तोंड उघड म्हणायचो."

ती स्वतः आली ती त्याच्याही पुढच्या हंगामात. मी तिला आधी ओळखलंच नाही. पुढे वाकून चालत होती, हातात काठी. मुलगी आता मोठी झाली होती, आईचा हात धरून चालत होती, की आईच तिला धरून चालत होती. मी बाहेर जाऊन तिला पायरीवर बसवलं. ती माझ्या हाताला हात लावून म्हणाली, "ताई, तुमी मेंढरं इका म्हणला नसणार. म्या सांगितलं समद्यांनला."

मी तिच्या कमरेला हात लावून बघितलं, डॉक्टरांकडे चल म्हटलं. या वेळी ती आली. आबांनी तिला इंजेक्शनं दिली, वाडा जवळच्या रानात होता तोवर. ती रोज यायची, पायरीवर बसायची, मुलगी काचेच्या कपाटातल्या बाटल्या बघत राहायची. मी गोळी समोर घ्यायला लावायची. ताप गेला, घाम थांबला. कंबर काही सरळ झाली नाही. ते होणारही नव्हतं, डॉक्टरांनी मला आधीच सांगितलं होतं.

शेवटच्या दिवशी आबा आत चहा प्यायला गेले तेव्हा तिने विचारलं, "आता दिस गेलं तर ऱ्हातंय का, ताई?"

मी पुस्तकात शोधलं होतं, मिरजेला विचारलं होतं. कुणी ठाम सांगत नव्हतं. मी तिला म्हणाले, "माहीत नाही गं. खरंच माहीत नाही."

तिने मान हलवली. माझ्यावर रागावली नाही, रडली नाही. काठी टेकून उठली, मुलीला पुढे घातलं. वाडा दुपारीच हलायचा होता आणि घोडीवर सामान लादायचं राहिलं होतं. ती पेठेतून कडेकडेने जात होती. कोपऱ्यावर गेल्यावर मुलगी थांबली आणि आईला मागे राहिलेली बघून परत तिच्याकडे आली. मी फळीमागे आले. समोर एक गिऱ्हाईक दात दुखतो म्हणून गाल धरून उभं होतं.